हिवाळी तंबू-निवास आणि वन्यजीव : पूर्वतयारीचे शास्त्र व दायित्व

डिसेंबरच्या अखेरीस मध्य प्रदेशातील कान्हा व्याघ्र प्रकल्पाच्या गवताळ मैदानांवर पहाटे गोठलेल्या दवाचा पांढरा थर पसरलेला असतो. दुपारी ज्या ठिकाणी अंगावर सुती सदरा पुरेसा वाटतो, त्याच ठिकाणी रात्री तापमान शून्याच्या जवळपास उतरते. याच सुमारास नाताळ व नववर्षाच्या सुट्यांमुळे पर्यटकांची संख्या वाढते आणि वनाच्या सीमेलगत उभारलेले तंबू भरून जातात. कापडाच्या एका भिंतीपलीकडे चितळ चरत असतात आणि कधी बिबट्या, तर कधी वाघही फिरत असतो. अशा मुक्कामाची तयारी हा केवळ सामानाच्या यादीचा विषय नाही. ऊब, अन्न, प्रकाश आणि कचरा या चार बाबींचा भार वनावर व वनालगतच्या गावांवर न टाकता कसा पेलावा, हा त्यातील मूळ प्रश्न आहे. पर्यावरण, भूगोल, कायदा आणि ग्रामीण उपजीविका हे चारही विषय या प्रश्नात एकत्र येतात. म्हणूनच विकासाच्या अभ्यासकाने त्याकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

राहुटीपासून सफारी तंबूपर्यंत

‘सफारी’ हा स्वाहिली भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘प्रवास’ असा आहे. तो मूळ अरबी शब्दावरून आला. मराठीत रुळलेला ‘सफर’ हा शब्दही त्याच कुळातला. आपल्याकडे वनातील तंबूचा मुक्काम मात्र सफारी या शब्दाच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे. राहुटी, डेरा, कनात, मेखा, तणावे ही सारी शब्दसंपत्ती लष्करी छावण्यांतून आणि महसुली दौऱ्यांतून भाषेत स्थिरावली. ब्रिटिश अमदानीत जिल्ह्याचे अधिकारी हिवाळ्यात तंबू घेऊन दौऱ्यावर निघत, आणि संस्थानिक व अधिकारी यांच्या शिकारीचे तळही याच ऋतूत पडत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अस्तित्वात आला आणि शिकारीच्या तळांचे युग संपुष्टात आले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा प्रारंभ झाला. पहिल्या ९ व्याघ्र प्रकल्पांत कान्ह्याचा समावेश होता. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील माधव हा देशातील ५८वा व्याघ्र प्रकल्प ठरला. २०२२ च्या गणनेनुसार देशात सरासरी ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज असून त्यांपैकी ७८५ वाघ एकट्या मध्य प्रदेशात आहेत. संरक्षणाच्या या यशामुळेच वन्यजीव पर्यटनाची मागणी वाढली आणि ‘स्विस कॉटेज’ म्हणून ओळखला जाणारा दुहेरी छताचा, जोडून स्नानगृह असलेला तंबू बहुतेक अभयारण्यांच्या वेशीवर दिसू लागला. पूर्वीचा तंबू काही दिवसांत उठत असे. आजचा तंबू मात्र ऑक्टोबर ते जून असा संपूर्ण हंगाम एकाच जागी उभा असतो. त्यामुळे त्याचा परिणामही दीर्घकाळ टिकतो.

दरीतील थंडीचे शास्त्र

तंबू कोठे उभारावा, हा पूर्वतयारीचा पहिला निर्णय होय आणि त्याचे उत्तर भूगोलात आहे. कान्हा हे सातपुड्याच्या मैकल पर्वतरांगांत, मंडला व बालाघाट या जिल्ह्यांत वसलेले आहे. हिवाळ्यात येथील आकाश बहुधा निरभ्र असते. ढगांचे आवरण नसल्यामुळे सूर्यास्तानंतर जमीन आपली उष्णता वेगाने उत्सर्जित करते. जमिनीलगतची हवा थंड व जड होते आणि उतारावरून पाण्याप्रमाणे ओघळत सखल भागात साचते. परिणामी दरीचा तळ उतारापेक्षा अधिक थंड राहतो. उंचीबरोबर तापमान कमी होण्याऐवजी वाढण्याच्या या स्थितीस ‘तापमानाची विपरीतता’ असे म्हणतात.

या घटनेची साक्ष वनस्पतीही देतात. साल वृक्षाची कोवळी रोपे गोठणाऱ्या दवाने करपतात. म्हणून कान्ह्याच्या काही सखल मैदानांत साल वन पुन्हा उगवण्यास अडथळा येतो आणि गवत टिकून राहते. ज्या जागेत सालाचे रोप जगत नाही, तेथे तंबूतील माणसाला रात्र सुखाची जाणार नाही, हे उघड आहे. गवताळ मैदानाचा किंवा ओढ्याच्या काठाचा देखावा कितीही मोहक असला, तरी तंबू मंद उतारावर, तळापासून काहीसा वर असावा. ओढ्याचा काठ टाळण्यास आणखी एक कारण आहे. प्राण्यांची पाण्याकडे जाण्याची वाट तेथूनच जाते. थंडीपासून बचाव आणि वन्यजीवांच्या वाटेपासून दूर राहणे, ही दोन्ही उद्दिष्टे अशा प्रकारे एकाच निर्णयाने साध्य होतात.

देशाच्या अन्य भागांत परिस्थिती वेगळी असते. उत्तराखंडातील कॉर्बेटमध्ये पश्चिमी विक्षोभांमुळे हिवाळ्यात पाऊस पडू शकतो. तेथे तंबूभोवती पाण्याचा चर आवश्यक ठरतो. आसामातील काझीरंगात दाट धुके व दमटपणा ही मुख्य अडचण असते. कच्छच्या छोट्या रणात उघड्यावरून वाहणाऱ्या वाऱ्यासाठी तणावे व मेखा भक्कम लागतात. म्हणजेच सर्व ठिकाणी चालेल अशी एकच यादी असू शकत नाही. स्थानिक हवामानाचा अभ्यास हाच तयारीचा पाया होय.

उबेची व्यवस्था आणि शेकोटीचा प्रश्न

शरीराची उष्णता निघून जाण्याचे तीन मार्ग येथे विशेष लक्षात घ्यावे लागतात : थंड जमिनीचा स्पर्श, वारा आणि घाम किंवा दव यांचा ओलावा. पर्यटक बहुधा पांघरुणाचा विचार करतो व अंथरुणाकडे दुर्लक्ष करतो. वस्तुतः दाबली गेलेली गादी जमिनीचा गारवा थेट पाठीला पोहोचवते. खाट किंवा जाड सतरंजी व त्यावर लोकरी घोंगडी असल्यास रजई आपले काम नीट करते. कपड्यांच्या बाबतीतही एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर अधिक उपयुक्त ठरतात, कारण उष्णता कापडात नव्हे, तर थरांमध्ये अडकलेल्या हवेत टिकून राहते. अंगालगतचा थर सुती नसावा. सुती कापड ओलावा धरून ठेवते. पहाटेच्या फेरीत उघड्या जीपचा वेग वाऱ्याची धार वाढवतो, म्हणून कान, मान व हाताचे तळवे झाकणे आवश्यक असते. ऊन चढताच हे थर एकेक करून उतरवता येतात. कपड्यांचा रंग मातकट किंवा पालापाचोळ्याशी मिळताजुळता असावा.

तंबू पूर्णपणे बंद करून घेण्याची प्रवृत्ती मात्र घातक आहे. झोपलेल्या व्यक्तींच्या श्वासातील बाष्प थंड कापडाच्या आतील बाजूस जमून पहाटे पाण्याचे थेंब गळू लागतात व अंथरूण ओले होते. वरच्या बाजूची जाळी थोडी उघडी ठेवल्यास हे टळते. दुहेरी छताचा उपयोगही हाच की, बाहेरचे कापड दव झेलते आणि आतील कापड तुलनेने कोरडे राहते.

याहून गंभीर धोका कोळशाच्या शेगडीचा आहे. बंदिस्त जागेत कोळसा अपुऱ्या प्राणवायूमुळे अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. या वायूला रंग वा वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचे बंध प्राणवायूच्या तुलनेत २०० पटींहून अधिक घट्ट असतात. झोपलेल्या माणसाला डोकेदुखी वा मळमळ या पूर्वसूचनाही जाणवत नाहीत. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीतील शेगडीमुळे मृत्यू ओढवल्याच्या घटना घडतात. तंबूत शेगडी, स्टोव्ह वा मेणबत्ती नेऊ नये, हा नियम म्हणूनच अपवादरहित असला पाहिजे. गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी ठेवणे हा त्यास सुरक्षित व स्वस्त पर्याय आहे.

उघड्यावरील शेकोटीचा प्रश्न निराळा आहे. तिच्यात पाहुण्याला आनंद मिळतो. परंतु तिचे लाकूड कोठून येते? बफर क्षेत्रातील गावांचे सरपण याच वनातून येते आणि ते गोळा करण्यासाठी महिलांना मैलोन्‌मैल चालावे लागते. सरपणासाठी वाकलेल्या व्यक्तीवर वन्यप्राण्याने हल्ला केल्याच्या घटना मध्य भारतात वारंवार घडतात. पाहुण्यांच्या शेकोटीसाठी लाकडाला पैसे मिळू लागले, तर हीच पायपीट वाढते. ऊब पाहुण्याची आणि जोखीम गावाची, असा हा विषम व्यवहार होय. शेकोटी करायचीच असेल, तर ती एकच, सामाईक, नियमित विक्री-आगारातून घेतलेल्या लाकडाची, वाळलेल्या गवतापासून दूर आणि झोपण्यापूर्वी पाणी टाकून पूर्ण विझवलेली असावी.

अन्न, प्रकाश व आवाज

वन्यप्राणी माणसाच्या शोधात तंबूकडे येत नाहीत. ते माणसाने आणलेल्या गोष्टींच्या शोधात येतात. उरलेले अन्न उंदीर, माकडे व रानडुकरे यांना आकर्षित करते. उंदरांमागून साप येतात, तर तळावर पाळलेल्या किंवा भटक्या कुत्र्यांमागून बिबट्या येतो. मध्य प्रदेशातील बांधवगडमध्ये २०१८ पासून जंगली हत्तींचा कळप वास्तव्य करून आहे. धान्य व फळे यांचा वास हत्तीला दुरूनही येतो. त्यामुळे तंबूत खाद्यपदार्थ न ठेवणे, शिधा पक्क्या व बंद कोठारात ठेवणे, कचऱ्याचे डबे झाकणाचे असणे आणि अविघटनशील कचरा वनाच्या सीमेबाहेर परत नेणे, हे सुरक्षिततेचे मूलभूत नियम ठरतात. माणसाच्या अन्नाची सवय लागलेला प्राणी पुढे उपद्रवी ठरतो आणि अखेरीस त्यालाच पकडले किंवा हलवले जाते. पाहुणा दोन रात्रींनी परततो; त्याच्या निष्काळजीपणाची किंमत प्राणी चुकवतो.

प्रकाशाचेही तसेच आहे. निशाचर प्राण्यांच्या हालचाली अंधारावर आधारलेल्या असतात. वर वा क्षितिजाकडे फेकलेला प्रखर झोत त्यांची वाट बदलतो. दिवे जमिनीकडे झुकलेले, मंद व पिवळसर असावेत आणि ज्याच्या त्याच्या हाती विजेरी असावी. रात्री तंबूबाहेर एकट्याने जाऊ नये. जावेच लागल्यास तळावरील रखवालदारास सोबत घ्यावे आणि पुढची वाट विजेरीने पाहून मगच पाऊल टाकावे. लहान मुलांना संध्याकाळनंतर एकटे सोडू नये. पादत्राणे सकाळी झटकून मगच घालावीत. थंडीत साप व विंचू यांचा वावर मंदावतो, पण ते ऊब शोधत आडोशाला येऊ शकतात.

आवाज न करण्याचा लाभ पाहुण्यालाही होतो. शांत तळावर चितळाची तीव्र शीळ, सांबराचा भोंग्यासारखा आवाज किंवा वानराचे खोकल्यासारखे ओरडणे ऐकू येते. हे धोक्याचे इशारे वाघ वा बिबट्या जवळपास असल्याचे सांगतात. ध्वनिक्षेपक लावलेल्या तळावर ही सूचना हरवते. म्हणजे शांतता हा केवळ शिष्टाचार नसून सुरक्षिततेचे साधनही आहे.

पर्यटनाचा हंगाम आणि बारशिंग्याचा हंगाम

कान्ह्याच्या कठीण भूमीवरील बारशिंगा हा या संदर्भात विशेष उल्लेखनीय होय. १९७० मध्ये त्याची संख्या अवघ्या ६६ पर्यंत घसरली होती. १९६९ पासून गाभ्यातील गावांचे स्थलांतर सुरू झाले, मोकळ्या झालेल्या शेतजमिनींवर गवताळ मैदाने तयार झाली आणि संरक्षित कुंपणांत प्रजननास वाव मिळाला. परिणामी ही संख्या पुन्हा शेकड्यांत गेली. २०१५ मध्ये काही बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पातही हलवण्यात आले. मात्र त्यांचा समागमकाळ डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे पर्यटनाच्या ऐन गर्दीच्या काळात येतो. नर मैदानात उभे राहून दीर्घ साद घालतात व एकमेकांशी झुंजतात. अशा वेळी वाहने पुढे दामटणे, त्यांच्या साद घालण्याची नक्कल करणे किंवा ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे म्हणजे एकेकाळी नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्या प्राण्याच्या वंशवृद्धीत व्यत्यय आणणे होय. आपल्या सुटीचा काळ हा प्राण्याच्या जीवनचक्रातील कोणता काळ आहे, हे जाणून घेणे म्हणूनच पूर्वतयारीचा भाग ठरते.

कायदेशीर चौकट

१९७२ च्या अधिनियमात २००६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची स्थापना झाली. कलम ३८-व्ही नुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र व बफर क्षेत्र निश्चित केले जाते. कान्ह्याचे गाभा क्षेत्र सुमारे ९१७ चौ. कि.मी. असून त्याभोवती १,१३४ चौ. कि.मी.चे बफर क्षेत्र आहे.

२०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे गाभा क्षेत्रातील पर्यटनास बंदी घातली होती. त्यानंतर ऑक्टोबर २०१२ मध्ये प्राधिकरणाने पर्यटनविषयक मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि ही बंदी उठली. या तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राच्या कमाल २० टक्के भागातच नियंत्रित पर्यटन करता येते, गाभ्यात नव्या पर्यटन सुविधा उभारता येत नाहीत आणि प्रत्येक क्षेत्राची वाहनक्षमता भौतिक, वास्तविक व परिणामकारक अशा तीन टप्प्यांत काढली जाते. वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखणे आणि त्यास खाद्याचे आमिष न दाखवणे हेही त्यात अंतर्भूत आहे.

संरक्षित क्षेत्रांभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रांबाबत जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान १ कि.मी.चा सरसकट निकष घालून दिला होता. एप्रिल २०२३ मध्ये तो शिथिल करण्यात आला व क्षेत्रनिहाय अधिसूचनांना महत्त्व प्राप्त झाले. त्यामुळे एखादा तंबूतळ वैध आहे की नाही, हे ठरवताना त्या विशिष्ट क्षेत्राची अधिसूचना पाहणे आवश्यक असते.

येथे ‘तात्पुरते बांधकाम’ या संकल्पनेचा विचार करणे योग्य होईल. तंबूला पाया नसतो, तो काढून घेता येतो, हे त्याचे खरे गुण आहेत. परंतु तंबूमागे पक्के स्नानगृह, शोषखड्डा, कूपनलिका, जनित्र व वाहनतळ उभे राहिले, तर तात्पुरतेपणा केवळ छतापुरता उरतो. कान्ह्यातून महाराष्ट्रातील नवेगाव-नागझिरा व ताडोबाकडे जाणाऱ्या वाघांच्या भ्रमणमार्गासारख्या पट्ट्यांत असे तळ कुंपणांसह दाटीने उभे राहिले, तर प्राण्यांची वाट तुटते. म्हणून तंबूची संख्या मोजणे पुरेसे नाही; त्याला लागणारे पाणी, वीज, सरपण व रस्ता यांचीही मोजणी झाली पाहिजे.

गावाचा वाटा

पाहुण्याला रजई व गरम पाणी मिळत असते, त्याच रात्री काही अंतरावर गोंड वा बैगा शेतकरी मचाणावर बसून गहू-हरभऱ्याचे पीक रानडुकरांपासून राखत असतो. वन्यजीवांच्या सान्निध्याचा आनंद एकाला, तर त्याचे नुकसान दुसऱ्याला, अशी स्थिती राहिल्यास संवर्धनाला लोकांचा आधार मिळत नाही. कलम ३८-एक्स अन्वये स्थापन होणारी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठाने पर्यटनातील महसूल स्थानिक विकासाकडे वळवण्याचे एक साधन आहेत. मार्गदर्शक, जीपचालक, स्वयंपाकी व रखवालदार या रूपाने मिळणारा रोजगार हे दुसरे साधन होय. कोदो-कुटकीसारखी स्थानिक भरडधान्ये, भाजीपाला व दूध गावातूनच घेणारा तळ गावाला बाजारपेठ देतो. गावातील घरगुती निवासव्यवस्थेमुळे हा लाभ थेट कुटुंबापर्यंत पोहोचतो. निवासाची नोंदणी करण्यापूर्वी सरपण कोठून येते, सांडपाणी व कचरा कोठे जातो, कर्मचाऱ्यांपैकी किती स्थानिक आहेत, रात्रपाळीच्या रखवालदाराला गरम कपडे मिळतात काय आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, हे पाच प्रश्न पर्यटकाने अवश्य विचारावेत. ग्राहकाने विचारलेला प्रश्न अनेकदा परिपत्रकापेक्षा लवकर परिणाम घडवतो.

समारोप

हिवाळ्यातील तंबू-निवास नागरिकाला वनाचा निकट परिचय करून देतो, आणि परिचयाशिवाय संरक्षणाची आस्था निर्माण होत नाही, हे खरे. मात्र ही निकटता मर्यादेनेच टिकते. उतारावरील जागा, कोरडे अंथरूण, कपड्यांचे योग्य थर, बंद कोठार व मंद दिवा एवढ्या साध्या तयारीने थंडीचा प्रश्न वनाचे लाकूड न जाळता सुटू शकतो. जे ज्ञानाने साधते, त्यासाठी इंधन खर्च करण्याचे कारण नाही. पाहुणा परतल्यानंतर त्या जागेवर मेखांच्या खुणांखेरीज काही उरू नये, रात्री तेथून जाणाऱ्या प्राण्याला आपली वाट बदलावी लागू नये आणि शेजारच्या गावातील महिलेला त्याच्या उबेसाठी वनात अधिक आत जावे लागू नये. तंबू-निवासाची तयारी पुरेशी झाली होती की नाही, हे या कसोट्यांवरच ठरवले पाहिजे.